शब्दाला किती घ्यायचं? वेबसाइटसाठी मराठी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बसून वेबसाइटींचं मराठी लिहिण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. गुजरीतल्या सराफापासून शिरोलीतल्या धातूचं ओतकाम करणाऱ्या फौंड्रीपर्यंत सगळ्यांचं लिहून झालंय. आठवड्याला दोन-तीन फोन येतात, बहुतेक विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींचे, आणि प्रश्न तेच ते. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. दराचे आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्या वहीत वेगळे निघतील.

ताई, बाकीचं राहू दे. शब्दाला किती घेऊ, एक आकडा सांगा.

दोन रुपये. आता हा आकडा कुठून आला ते ऐका, कारण समोरचा "एवढे कसे?" म्हणाला की तुम्हाला तेच सांगायचंय.

महिन्याला घरात ३०,००० रुपये यायला हवेत असं धरा. नेट, वीज, मोबाइल, लॅपटॉपची झीज, वर्षाकाठी सीएची फी असं सगळं मिळून आणखी ५,००० धरा. म्हणजे बिलं ३५,००० ची झाली पाहिजेत. महिन्यात कामाचे दिवस २२. दिवसाला आठ तास बसलात तरी बिल लावता येईल असे तास चारच निघतात. उरलेले चार तास काम शोधणं, कोटेशन पाठवणं आणि "सर, पेमेंटचं बघताय ना?" यात जातात. २२ दिवस, रोज ४ तास, म्हणजे ८८ तास. ३५,००० ला ८८ नं भागा. तासाला साधारण ४०० रुपये.

हजार शब्दांचा बरा लेख लिहायला किती वेळ लागतो? दीड तास वाचन, अर्धा तास मालकाशी बोलणं, दोन तास लिहिणं, एक तास तपासणं आणि दुरुस्ती. पाच तास, २,००० रुपये. शब्दाला दोन.

मला पहिलं काम मिळालं ते पुण्याच्या एका एजन्सीकडून, शब्दाला २५ पैशांनी. हजार शब्दांचे २५० रुपये ऐकून मी आनंदानं आईला पेढे आणायला पाठवलं होतं. आता हिशेब करा: पाच तासांचे २५०, म्हणजे तासाला ५०. दिवसाचे बिलाचे चार तास धरले तर २०० रुपये रोज. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. उन्हातलं खणणं आणि खुर्चीतलं लिहिणं यांची बरोबरी मी करत नाही, पण पदवी घेऊन, स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची वीज वापरून आपण त्याच्याही खाली जातोय हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

मी नवीन आहे. मला दोन रुपये कोण देणार?

कदाचित कुणी नाही. सुरुवातीला एक रुपया घ्या, त्याखाली उतरू नका. तुम्हाला त्याच लेखाला पाचाऐवजी आठ तास लागतील. ते वरचे तीन तास तुमच्या शिकण्याचे, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाहीत. पण एक रुपयाचा दर कायमचा नाही हे पहिल्याच मेलमध्ये लिहा: "पहिल्या पाच लेखांसाठी हा दर आहे." हे वाक्य आधी लिहिलेलं असलं की सहाव्या लेखाला तोंड वर करून बोलता येतं. नंतर सांगायला गेलात तर "गेल्या महिन्यात तर एक रुपयात करत होता की" हे ऐकावं लागतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्या मैत्रिणीचाही तोच दर आहे. मग मी तेवढाच घेतला तर बिघडलं कुठं?

बिघडतं, आणि इथं जरा थांबून सांगते, कारण मराठीत लिहिणारे सगळ्यात जास्त इथंच बुडतात.

हे वाक्य बघा: "पंचगंगेच्या पुरात दुकानासमोरच्यांनासुद्धा घर सोडावं लागलं." मोजा. सहा शब्द. हेच इंग्रजीत मांडायला सोळा-सतरा शब्द लागतात. "दुकानासमोरच्यांनासुद्धा" हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचं "टू दोज इन फ्रंट ऑफ द शॉप टू" होतं. आठ शब्द. आपली भाषा विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळं शब्दालाच चिकटवते आणि कॉम्प्युटर मोजतो फक्त मधल्या मोकळ्या जागा.

प्रत्येक वाक्यात एवढा फरक पडत नाही. पण माझ्या अनुवादाच्या जुन्या फायली काढून बघितल्या तर इंग्रजी हजार शब्दांचे मराठीत साडेसातशे-आठशे होतात. मजकूर तोच, मेहनत तीच, आणि शब्दाचा दर सारखा ठेवला तर पैसे पाऊणपट. म्हणून अनुवादाचं काम असेल तर बिल मूळ इंग्रजीच्या शब्दसंख्येवर लावायचं. ती फाइल पाठवली त्याच दिवशी मोजता येते, त्यामुळं नंतर वादही होत नाही. थेट मराठीत लिहिताना मैत्रिणीच्या दरावर तीस टक्के तरी चढवा.

उलटं करणारेही भेटलेत. एका महाभागानं माझ्या लेखातले "आणि", "व", "की" असले शब्द वगळून मोजणी केली होती. कारखान्यावर उसाचा काटा मारतात म्हणून आपण ओरडतो, इथं शब्दांचा काटा मारला.

मग शब्दावर दर लावायचाच नाही का?

ऊस वजनावर जातो, पण एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ठरते साखरेच्या उताऱ्यावर. लेखनाचंही तसंच आहे. शब्द हे वजन झालं.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचं मुखपृष्ठ मी केलं. छापून आले तीनशे शब्द. त्यासाठी डॉक्टरांबरोबर दोन बैठका झाल्या, रिसेप्शनवरच्या ताईंना पेशंट फोनवर नेमकं काय विचारतात ते ऐकत अर्धा दिवस बसले, तीन मसुदे झाले. आठ तास. तासाला ४०० नं ३,२०० रुपये, म्हणजे शब्दाला दहाच्या वर. शब्दावर दर सांगितला असता तर डॉक्टरांनी बाहेरचा रस्ता दाखवला असता. "मुखपृष्ठाचे ३,२००" म्हटल्यावर काहीच बोलले नाहीत.

उलट बाजूला, गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्याची साड्यांची वर्णनं असतात. एकेक चाळीस शब्दांचं. हात बसला की तासाला सहा होतात, म्हणून नगाला ६५-७० रुपये. तिथं नगावरच बोलावं.

लांब लेखांना आणि अनुवादाला शब्दाचा दर चालतो. बाकीच्या कामाला पानावर किंवा नगावर बोला आणि आतला हिशेब तासाचा ठेवा. तो हिशेब गिऱ्हाइकाला दाखवायची गरज नाही.

"आधी एक सॅम्पल लेख लिहून द्या, आवडला तर काम देतो" म्हणतात. द्यायचा?

मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितलेत? व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, बघतो, रंग बघतो, खडा तोंडात टाकतो. पण "आवडला तर पुढचा घेतो" म्हणून आख्खा रवा खांद्यावर टाकून घरी नेत नाही.

पूर्वी लिहिलेले दोन लेख दाखवा. नवीनच असाल आणि दाखवायला काही नसेल, तर स्वतःच्या मनानं दोन लिहून ठेवा, एक खाण्यावर, एक कामधंद्यावर. त्यांच्याच विषयावर हवं असेल तर शंभर शब्द फुकट. त्यापुढं दर लागू. एका कंपनीनं बारा जणांकडून बारा वेगवेगळ्या विषयांची सॅम्पलं मागवली होती, मला ते कळलं कारण बारातल्या तिघी माझ्या ओळखीच्या निघाल्या. काम कुणालाच मिळालं नाही आणि वेबसाइट मात्र भरली.

एजन्सी बरी की थेट गिऱ्हाईक?

एजन्सी काम सलग देते आणि तुम्हाला गिऱ्हाइकाचा त्रास पोचू देत नाही, त्याचे पैसे ती कापणारच. माझ्या मते तिनं निम्म्याहून जास्त ठेवलं तर ते जास्त झालं. परदेशी प्लॅटफॉर्मवर गेलात तर कमिशन आधी वाचा. फायवर तुमच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं, म्हणजे तिथला दर त्या हिशेबानं चढा लावायचा.

दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या?

एकदा. दुसऱ्यांदा थोडीशी. तिसऱ्यांदा तासाचा दर. चूक तुमची असेल तर कितीही वेळा, त्याला मोजदाद नाही.

"एआयनं लिहून घेतलंय, तुम्ही फक्त एक नजर टाका" याचा दर काय?

तासाचा. दुसरा कुठलाच नाही, कारण ती नजर किती खोल जाणार हे फाइल उघडेपर्यंत कळत नाही.

मागच्या वर्षी एका फौंड्रीची बावीस पानं आली. मशीननं केलेलं मराठी, "फक्त शुद्धलेखन बघा" अशी सूचना. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "आमच्या कारखान्यात उच्च दर्जाची बुरशी तयार केली जाते." दोन मिनिटं काही सुचेना. मग लक्षात आलं, इंग्रजीत साचा आणि बुरशी दोन्हीला मोल्डच म्हणतात. पुढच्या पानावर कास्टिंगचं, म्हणजे ओतकामाचं, "कलाकारांची निवड" झालं होतं. शिवाजी उद्यमनगरात कुणाही कामगाराला विचारा, तो मोल्डला मोल्ड म्हणतो, कास्टिंगला कास्टिंग आणि कोअरला कोअर. मी ती बावीस पानं फेकून दिली, फौंड्रीच्या सुपरवायझरबरोबर कारखान्यात एक सकाळ काढली आणि नव्यानं लिहिलं. बिल नव्या लेखनाचं लावलं. मालक आधी कुरकुरले. बुरशीचं वाक्य वाचून दाखवल्यावर हसत हसत चेक काढला.

एआयचा मसुदा चांगला असेल तर नवीन लेखनाच्या निम्म्या वेळात काम होतं, हेही खरं आहे. तेव्हा निम्मेच घ्या. पण आधी दोन पानं मागवून, वाचून मग बोला. आणि तुम्ही स्वतः एआय वापरत असाल तर ते सांगून टाका. कोल्हापूर लहान आहे, गोष्टी फिरतात.

कोल्हापूरच्या बोलीत लिहून हवं असेल तर दर वेगळा?

हो. मुंबईच्या एका एजन्सीसाठी इथल्या साडीच्या दुकानाची जाहिरात लिहिली होती. त्यात एक मुलगी मैत्रिणीला म्हणते, "मी कवाच आलो." तिथल्या तपासनीसानं लाल रंगात दुरुस्त करून पाठवलं: "मी केव्हाच आले." त्याला फोन करून सांगावं लागलं की आमच्याकडं मुली "आलो", "गेलो"च म्हणतात, आणि त्या दुकानात येणाऱ्या मुलीला "केव्हाच आले" हे टीव्हीवरच्या बाईचं वाटेल. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. मी यासाठी दीडपट घेते.

काम सुरू करण्याआधी पैसे मागणं बरं दिसत नाही, नाही का?

जमिनीच्या व्यवहारात इसार घेतात, मंडपवाला इसार घेतो, वाजंत्रीवाला घेतो. तुम्हालाच का लाज? नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे आधी, निम्मे मजकूर दिल्यावर. "अ‍ॅडव्हान्स" म्हणताना जीभ अडखळत असेल तर "इसार" म्हणा, इथल्या व्यापाऱ्याला तो शब्द पटकन पटतो. कामाचं स्वरूप, शब्द किंवा पानं, तारीख, दर, दुरुस्त्या आणि पैसे कधी, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून समोरून "ओके" घेतलं तरी छोट्या कामाला पुरतं.

पैसे थकवलेत. तीन महिने "उद्या टाकतो" चाललंय.

आधी ऊस घ्या. गाळपाला दिलेल्या उसाची एफआरपी १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो. त्यासाठी दर हंगामात काय काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पण मुदत कागदावर आहे म्हणून भांडायला पाय रोवता येतो.

आपल्यालाही तसा एक कागद आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, असेल तर खरेदीदारानं ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडं नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रार या उद्योगांच्या केंद्रीय मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि ती सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा. एक ध्यानात ठेवा: नोंदणी काम देण्याआधीची हवी.

प्रत्यक्षात मी तक्रारीपर्यंत एकदाही गेलेले नाही. माझं हत्यार दुसरं आहे. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यात तेव्हा ४३बी(एच) या क्रमांकानं आलेल्या तरतुदीनुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा धरता येत नाही. म्हणजे मार्चअखेर त्यांचा कर वाढतो. महाद्वार रोडच्या एका थकबाकीदाराला मी फेब्रुवारीत फक्त उद्यम प्रमाणपत्र आणि बिल पुन्हा पाठवलं आणि प्रत त्यांच्या सीएला टाकली. पाचव्या दिवशी पैसे जमा. भांडण नाही, काही नाही. अजूनही त्यांच्या दुकानात गेले की चहा मागवतात.

त्यांनी १० टक्के कापून पैसे दिले. हे काय?

टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानंच आधी कापून भरलेला तुमचा कर. एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक फी गेली की ती १० टक्के कापते. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर सरकारकडं जमा होतात आणि प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तुमच्या कर-जमा विवरणात दिसतात. विवरणपत्र भरलं की करात वळते होतात, जास्तीचे परत मिळतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो, म्हणजे आपल्यासारख्या बहुतेकांचं कापलेलं सगळंच परत येणारं असतं. फक्त पॅन दिलं नसेल तर कपात २० टक्के होते, तेव्हा बिलावर पॅन छापा. त्या विवरणात रक्कम दिसली नाही तर कंपनीनं ती कापून भरलीच नसेल. मग लगेच फोन.

जीएसटी लावायचा का?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही. नोंदणी नसताना बिलात १८ टक्के लावणं बेकायदेशीर आहे, हे एका उत्साही मित्राला सांगायला मला अर्धी रात्र लागली.

लिहिलेला लेख माझा की त्यांचा?

नोकरीत असताना लिहिलं तर कंपनीचा. फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क लिहिणाऱ्याचा राहतो. तो द्यायचा तर लेखी आणि सहीसकट द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता गेला असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. वेबसाइटच्या रोजच्या मजकुराला मी हक्क देऊन टाकते, पण पूर्ण पैसे आल्यावर. बिलाखाली एक ओळ असते: "संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क आपल्याकडं येतील." दुसऱ्याच्या नावानं छापायचं असेल तर मी २५ टक्के जादा घेते. नाव ही आपली पुढच्या कामाची जाहिरात असते, ती ते विकत घेतायत.

आपण सगळ्यांनी मिळून एकच दर का ठरवत नाही?

दर दिवाळीला हा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. अडचण अशी की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी संगनमतानं दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याला चालत नाही. हिशेब कसा मांडायचा, खर्चात काय काय धरायचं, हे मात्र खुशाल बोला. मी इथं तेच करतेय. दर आपापला काढा.

जुन्या गिऱ्हाइकाला दर वाढवून कसा सांगू?

एप्रिलच्या आधी दोन महिने, लेखी, एका ओळीत. कारणांचा पाढा नको. "१ एप्रिलपासून माझा दर २ रुपये २० पैसे राहील." दहा जणांत एखादा सुटतो. त्याच्या वाटचा वेळ नव्या दराच्या कामाला मिळतो.

पैशांऐवजी वस्तू देतो म्हणतात. घ्यावी?

एकदा घेतली. चप्पल लाईनमधल्या एका दुकानाचं पान लिहिलं, मालक म्हणाले, "ताई, पैसे काय देऊ, जोड न्या की." कापशी, हातानं शिवलेला, चालताना असा करकरतो की गल्लीत कळतं कोण आलं. जोडाची किंमत बिलापेक्षा जास्तच होती. तरी पुढच्या वेळी मी पैसेच मागितले, आणि मालकांनी ते लगेच दिले. म्हणाले, "मागितलं न्हाई तुमी, म्हणून जोड दिला."